पुडीवरची चिठ्ठी

टाळेबंदीत भाजीवाल्यांना पास होता, म्हणून आम्ही नवराबायको बाळापूरच्या नाक्यावरून भाजीची गाडी नेत होतो. एक दिवस पोलिसांनी थांबवलं. हिवरखेडकडच्या एका माणसाच्या मोटरसायकलवर वाळल्या पाल्याचं पोतं सापडलं होतं. पंजासारखं पान. साहेब नवे, बाहेरगावचे. म्हणे गांजा. रस्त्यावर दुसरं कोणी नव्हतं, म्हणून पंच आम्हीच.

"अंबाडी हाये साहेब, पोरीच्या घरी नेऊन राहिलो," तो माणूस रडत होता. सगळ्यांच्या तोंडाला मास्क, वास येईल कसा? माझ्या बायकोनं मास्क खाली ओढला अन् एक पान चावलं.

"मावशी, मरायचंय का? मास्क लावा!"

"आंबट लागते. तुमच्या घरी भाजी करत नाई का कोणी?"

"चाखून कायदा चालत नाही. प्रयोगशाळा सांगेल."

साहेबांनी तपासणीसाठी चिमूटभर पाला पुडीत बांधला. मी भिऊन कागदावर गुमान सही केली. तिनं मात्र पुडीवरच्या चिठ्ठीवर आपल्या सहीखाली लिहिलं, 'अंबाडी हाये'. मगच लाखेचा शिक्का लागला.

"काहून शायनपना करतं?" मी म्हटलं.

"अवो, सही तं तुमी बी केली. काय लिवलं हाये, वाचलं का?"

वाचलं नव्हतं. कागदावर गांजा लिहिला होता.

पुडी अमरावतीला गेली. तिकडे तपासणारे आजारी, पुड्यांवर पुड्या साचलेल्या. तो माणूस अकोल्याच्या जेलात. बायको चौकीत जाऊन विचारायची, अहवाल आला का. दुसऱ्या लाटेत तिला दवाखान्यात नेलं, तेव्हाही तेच विचारलं. ती परत आली नाही.

अहवाल त्यानंतर आला. गांजा नव्हता. तो माणूस सुटला, पोतं परत देताना मला पुन्हा पंच म्हणून बोलावलं. टेबलावर ती पुडी. प्रयोगशाळेचा नवा शिक्का, पण चिठ्ठी तीच, अक्षर तिचंच. मी पाहतच राहिलो. एवढी माणसं गेली, घरंच्या घरं रिकामी झाली, अन् चिमूटभर पाला कोणी हरवला नाही. एवढ्या मोठ्या यंत्रांनी शेवटी तेच सांगितलं, जे तिच्या जिभेनं सांगितलं होतं.

"मावशी कुठी हायेत?" त्या माणसानं विचारलं.

मी चिठ्ठी दाखवली. "गेली. अन् बाप्पा, तवा मी न वाचता सही केली होती."



पोलिसानं कागद पुढे सरकवला. "करा बाबा सही, उशीर होतोय."

मी दुसरी शिकलेला. अक्षरावर बोट ठेवून वाचायला लागलो. पोलीस दोनदा ओरडला. तो माणूस पोतं धरून उभा होता. "वाचू द्या त्याईले," म्हणाला.