बेडकांचा निबंध

एकोणीस वर्षं रोज तिच्या टेबलावर टपाल ठेवूनही ऑरिनला मिस अर्नेस्टीनची खरी ओळख होती, असं म्हणता येणार नाही. कॉलेजच्या त्या इमारतीत काळी माणसं ही दोघंच. तरी ती रविवारी काय करते, घरी कोण असतं, हे विचारायचा धीर त्याला कधी झाला नाही.

एवढं मात्र ठाऊक होतं. मिसिसिपीतल्या तिच्या गावचं, कापसाच्या जिनिंगमागच्या काळ्यांच्या वस्तीतलं एक तरी मूल या नामांकित कॉलेजात आलेलं तिला पाहायचं होतं. तरुणपणी तिचा स्वतःचा अर्ज इथूनच परत गेला होता. पुढे ती इथेच टायपिस्ट म्हणून लागली आणि होता होता प्रवेशाचे अर्ज वाचणारी झाली. दर हिवाळ्यात ती गठ्ठ्यांत गावाचं नाव शोधायची.

"आलं का कुणी?" ऑरिन विचारायचा.

"यंदाही नाही."

मग कोर्टाचा निकाल आला. वर्ण बघून प्रवेश द्यायचा नाही. धास्तावलेल्या कॉलेजनं वर्णाबरोबर नाव, गाव, शाळा सगळंच झाकून टाकलं.

"झाका म्हणावं," ती म्हणाली. "आमच्याकडचं मूल दोन ओळींत ओळखीन मी. निबंधात चर्च येईल, आजी येईल."

"आणि आजी नाही आली तर?"

"तुम्ही आपलं टपाल वाटा, मिस्टर ऑरिन!"

त्या वर्षी एका मुलीनं अर्जाच्या निबंधात चरातल्या बेडकांवर लिहिलं होतं. किती मोजले, पाणी किती खोल होतं, एवढंच. अर्नेस्टीननं शेरा मारला, 'चांगलं, पण असे पुष्कळ येतात', आणि अर्ज नकाराच्या गठ्ठ्यात गेला. प्रवेशाचा निकाल लागल्यावर नावं उघडली. गाव अर्नेस्टीनचंच होतं, आणि वस्तीही. तिनं फेरविचार मागितला. डीननं नकारार्थी मान हलवली.

तिची निवृत्ती त्याच आठवड्यात होती. शेवटच्या दुपारी ती स्वतः टपालखोलीत आली. हातात त्या मुलीच्या नावाचं, प्रवेश मिळालेल्यांनाच जातं तसं जाड पाकीट होतं. त्या दुपारनंतर ऑरिनला ती कधीच दिसली नाही.

"आजच जाईल ना?"

"चारच्या गाडीनं."

"पोचेल कधी?"

"गुरुवारी. फार तर शुक्रवारी."

"शुक्रवार धरू मग."

"हो, मिस अर्नेस्टीन. शुक्रवार धरा."