अडकलेली पुंगळी

नेमबाजीची निवडचाचणी तासाभरावर आली होती आणि माझ्या भाचीच्या, मुक्ताच्या पिस्तुलातून काडतुसाची रिकामी पुंगळी काही बाहेर उडेना. दर वेळी बार झाला की ती पिस्तुलाच्या फटीतच अडकायची.

"मामा, पिस्तूलच बिघडलंय!" मुक्ता रडवेली झाली.

तिच्या सरांनी त्याच पिस्तुलातून पाच बार काढले. पाचही पुंगळ्या लाह्यांसारख्या उडाल्या.

"बाईसाहेब, तुमचं मनगट सैल पडतंय. धक्क्याबरोबर तुम्हीच मागे जाता. मग पुंगळी फेकायला जोर कुठला उरणार?"

मी आपला विचारात हरवलो. आयुष्यभर प्रत्येक धक्क्याला मीही असाच मागे सरलो, आणि कितीतरी रिकाम्या गोष्टी आत अडकून बसल्या.

मुक्तानं मनगट घट्ट धरलं. बार झाला. पितळी पुंगळी उन्हात गिरक्या घेत, अगदी सावकाश, तरंगत गेली.

"मामा, नेम लागला का?"

अहो, निशाण्याकडे बघतंय कोण!