काविळीची माळ

माझ्या मुलीला ऐकू कमी येतं. दोन्ही कानांना यंत्रं असूनही पाठीमागून हाक मारली तर तिला कळत नाही. पुढं जाऊन उभं राहावं लागतं. हे माझ्यामुळं झालं. त्याचा दोष मात्र बरीच वर्षं दुसऱ्याच माणसावर जात राहिला, आणि मी तो जाऊ दिला.

मुलगी कोल्हापुरात जन्मली. दवाखान्यातून सोडताना डॉक्टर म्हणाले होते, "थोडी कावीळ दिसतेय. बहुतेक बाळांना होते आणि आपोआप ओसरतेही. पण दोन दिवसांनी रक्त तपासायला आणाच." मी मान डोलावली. त्यातलं 'आपोआप ओसरते' एवढंच माझ्या डोक्यात राहिलं.

बायको बाळंतपणासाठी माहेरी होती. पन्हाळ्याच्या पायथ्याचं गाव. मी रजा काढून तिथंच राहिलो होतो. बाळंतिणीची खोली अंधारी, वारा लागू नये म्हणून खिडकी लावलेली. सासूबाई बाळाला हळद आणि साय लावून अंघोळ घालायच्या. त्यामुळं पोरीचा पिवळेपणा हळदीचा की काविळीचा, हे तिथं कुणालाच नीट कळत नव्हतं. बायकोला तेवढं कळलं. तिनं बाळाला दारात उजेडात नेलं, कपाळावर बोट दाबून सोडलं आणि मला म्हणाली, "अहो, बघा, बोटाखाली पण पिवळंच हाय. चला दवाखान्यात."

"कशाला लगेच सुया टोचून घ्यायच्या?" मी म्हणालो. "मी माळ घेऊन येतो."

कॉलेजात असताना मला कावीळ झाली होती. तेव्हा शेजारच्या गावातल्या एका म्हाताऱ्यानं दिलेली माळ मी डोक्यावर घातली होती. कसल्याशा झाडाच्या ओल्या काड्यांचे बारीक तुकडे दोऱ्यात गुंफलेले असतात. आधी ती डोक्यावर टोपीसारखी बसते. मग रोज थोडी लांबते, गळ्यात येते, छातीवर येते. माळ उतरली की कावीळ उतरली, असं आमच्याकडं मानतात. मी बरा झालो होतो, त्यामुळं मला शंका नव्हती. त्याच घरी जाऊन मी दोन माळा आणल्या, एक जादा असावी म्हणून. एक पोरीच्या टोपड्यावर ठेवली, दुसरी खोलीतल्या खुंटीला अडकवली.

दुसऱ्या दिवशी माळ लांबली. मला आनंद झाला. त्याच दिवशी पोरगी जास्त झोपू लागली.

"पोर दूध वढंना झालंय," सासूबाई म्हणाल्या. "जावाय, मला काय हे बरं दिसंना."

"झोपूदे की हो, आई. माळ बघा कुठं आली!"

बायको गप्प बसली नाही. "माळ काय बघताय? तिचे तळपाय बघा, तेपण पिवळे झालेत! डॉक्टरांनी बोलावलं होतं ते काय उगीच?"

"तुझं दूध कमी पडतंय, म्हणून ती मलूल आहे," मी म्हणालो. ओली बाळंतीण होती ती. त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही. रात्रभर पोरीला छातीशी धरून बसली.

पहाटे पोरगी वेगळंच रडली. बारीक, चिरका आवाज, आणि पाठ मागं धनुष्यासारखी ताणलेली. मग मात्र मी गाडी काढली.

दवाखान्यात तिच्या डोळ्यांवर पट्टी बांधून तिला निळ्या दिव्यांखाली ठेवलं. अंगातलं रक्त थोडं थोडं काढून दुसरं भरावं लागलं. डॉक्टरांनी मला समोर बसवून समजावलं. बाळाच्या तांबड्या पेशी फुटतात तेव्हा पिवळं द्रव्य तयार होतं, आणि कोवळ्या यकृताला ते लगेच बाहेर टाकता येत नाही. आई-बाळाचा रक्तगट जुळत नसेल, तसा या मायलेकींचा जुळत नव्हता, तर ते फार वेगानं वाढतं. एका मर्यादेपलीकडं ते मेंदूत उतरतं, आणि ऐकण्याच्या नसा त्याला लवकर बळी पडतात. "वेळेत आणलं असतं तर नुसत्या दिव्यांवर भागलं असतं," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

दुपारी कपडे न्यायला मी गावी गेलो. त्या खोलीत खुंटीवरची दुसरी माळ दिसली. तीही तेवढीच लांबली होती. ओल्या काड्या वाळून आकसल्या होत्या आणि दोरा सैल पडला होता, बस्स. खुंटीला काही कावीळ नव्हती. मी ती माळ चुलीत टाकली आणि कुणाला काही बोललो नाही.

पुढं ऐकण्याची तपासणी झाली, यंत्रं आली. मंगळवार पेठेतल्या आमच्या घरी माझी आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "माहेरच्यांनी हयगय केली हो. म्हातारीनं कायबाय झाडपाला बांधला पोरीला." मी शेजारी बसून चहा प्यायचो. बायको माझ्याकडं बघायची. तिनं मला कधी उघडं पाडलं नाही आणि मी तिच्या नजरेला नजर दिली नाही.

यंदा मेव्हण्याला मुलगा झाला. त्यालाही थोडी कावीळ होती. आम्ही बघायला गेलो तर सासूबाई हळद न लावताच बाळाला तपासणीला न्यायची तयारी करत होत्या. कुणीतरी भावकीतली बाई म्हणाली, "माळ आणा की एखादी." सासूबाई एकदम ओरडल्या, "माळ न्हाय आणि बिळ न्हाय! एकदा माझ्या हातनं नातीचं वाटोळं झालंय. आता परत न्हाय."

माझ्या हातनं, असं म्हणाल्या त्या. इतकी वर्षं लोकांनी म्हटलं आणि त्यांनी ते खरं धरलं होतं. माळ कुणी आणली, कुणाचं ऐकून त्या गप्प बसल्या, हेही त्यांनी स्वतःच्या मनातून पुसून टाकलं होतं.

मी सगळ्यांसमोर उठलो. त्यांच्या पुढ्यात खाली बसलो आणि म्हणालो, "आई, माळ मी आणली. तुम्ही दूध वढंना म्हणालात, हिनं दवाखान्यात चला म्हटलं. दोघींना मीच गप्प केलं. नंतर लोक तुम्हाला बोलले, तेव्हाही मी गप्प बसलो. चूक तुमची नव्हती, माझी होती. मला माफ करा." मग बायकोकडं वळून, पहिल्यांदाच तिच्या डोळ्यांत बघत म्हणालो, "तुझं दूध कमी नव्हतं. मी खोटं बोललो होतो. मला माफ कर."