नीराबेनची स्पिटफायर

निजामपुऱ्यात नीरा मोहितेंचा टायपिंगचा क्लास बारा वर्षं चालला. शहाण्णव साली टाइपरायटर भंगारात गेले आणि त्याच टेबलांवर चार कॉम्प्युटर आले. बाई तेव्हा शेहेचाळीस वर्षांच्या होत्या. माउस धरायला त्या स्वतः आदल्याच महिन्यात शिकल्या होत्या. विद्यार्थ्यांना मात्र हे कधी कळलं नाही.

पुढे, दोन हजार साली घेतलेल्या एका जुन्या कॉम्प्युटरमध्ये विमान उडवायचा खेळ आयताच आला. महायुद्धातली लढाऊ विमानं होती त्यात. दुपारी क्लास रिकामा असे, तेव्हा बाई स्पिटफायर घेऊन निघत. उडवणं सोपं. उतरताना मात्र त्या लांबलचक नाकापुढे धावपट्टीच दिसायची नाही, आणि रोज एक विमान मोडायचं. धडाम आवाज जिन्यापर्यंत जाई. लवकर आलेल्या मुली दारातूनच गुजरातीत विचारत, "नीराबेन, फरी पड्युं?"

"पड्युं, पुन्हा पडलं! बसा, एक्सेल उघडा."

वरच्या मजल्यावर श्रीपतराव शिर्के राहत; बाई त्यांना काका म्हणत. घराणं गायकवाडी फौजेतलं, ते स्वतः हवाई दलात मेकॅनिक होते. विमानं दुरुस्त केली, पुसली, ढकलली. उडवलं एकही नाही. एका दुपारी आवाज ऐकून ते खाली आले आणि खुर्ची ओढून बाईंच्या मागे बसले.

"सरळ येऊ नकोस गं. वळण घेत ये, म्हणजे धावपट्टी बाजूनं दिसेल. अगदी शेवटी नाक समोर आण."

बाईंनी तसं केलं. चाकं अलगद टेकली. बाई टाळी वाजवायला उठल्या आणि विमान गर्रकन फिरून आडवं झालं.

"टेकलं म्हणजे उतरलं नव्हे," काका म्हणाले. "थांबेपर्यंत शेपटीचं सुकाणू हलवत राहायचं. पायलट ते पायांनी करतो, तुला बोटं आहेत."

पंधरा दिवसांत दहापैकी आठ विमानं धड उतरू लागली. मग एकदा एक फिरलंच, आणि काकांनी खुर्ची मागे सरकवली.

"काय झालं, काका?"

"त्रेपन्न साली एका पोराचं विमान उतरताना असंच फिरलं. पंख घासला, त्याचा हात मोडला. सकाळी ब्रेक मी जुळवले होते. एका चाकाचा जास्त धरला, की विमान त्या बाजूला वळतं."

"चौकशी झाली असेल ना?"

"झाली. कुणावर काही आलं नाही. पण ब्रेक माझ्या हातचे होते ना."

बाईंना समजूत घालता येत नसे. त्यांनी विचारलं, "वारा होता त्या दिवशी?"

"होता की. चांगला जोरात, डावीकडून."

"आणि विमान कुठे वळलं?"

"डावीकडेच."

बाईंनी खेळात डावीकडचा वारा लावला. "आता टेकल्यावर मी हात काढून घेते. ब्रेकला शिवणार नाही." विमान उतरलं, थोडं धावलं आणि डावीकडे वळून पंखावर कलंडलं. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदाही तेच.

काका पडद्याकडे वाकले. "वाऱ्यानंही वळतं," ते म्हणाले. "हे मी दुसऱ्यांना शिकवलंय, नीरा."

"खेळच आहे हा, काका. यातून सिद्ध काही होत नाही."

"नाही होत. पण सत्तेचाळीस वर्षं मी एकच कारण धरून बसलो होतो." त्यांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला. "चल, आता याच वाऱ्यात नीट उतरवून दाखव."

बाईंनी दाखवलं. सुकाणूचं उजवीकडचं बटण दाबून दाबून बोट दुखलं, पण विमान धावपट्टीच्या मधोमध थांबलं. काका उठले, बाईंना खुर्चीवरून उठवलं आणि स्वतः बसले. मिनिटभरात धडाम झालं.

दारातल्या मुली फिदीफिदी हसल्या. काकांनी मागे वळूनही पाहिलं नाही. "नीरा," ते म्हणाले, "दुसरं दे."