बिनवायरची मशीन

पोळा दहा दिवसांवर आला, तसा व्यंकटराव गुरुजींचा एकच प्रश्न सुरू झाला.

"दीपे, मशीन आली का दुरुस्तीहून?"

"येईल अण्णा, उद्या-परवा," दीपमाला दर वेळी म्हणायची. मशीन येणार नव्हती. वर्षापूर्वीच तिनं ती भंगारवाल्याला देऊन टाकली होती.

गुरुजींनी औशाच्या शाळेत बत्तीस वर्षं कार्यानुभव शिकवला. मूळ गाव देवणीकडचं. शेत आणि जनावरं भावांकडे राहिली, गुरुजींच्या हाती खडू आला. पण दर पोळ्याला ते प्लायवूडच्या फळीवर पेन्सिलीनं बैल काढायचे आणि जिगसॉनं कापायचे. त्या मशीनचं बारीक पातं खालीवर नाचत वळणावळणानं लाकूड कापत जातं. गल्लीत ज्यांच्या दावणीला बैल उरले नव्हते, त्या घरांत पूजेला गुरुजींची जोडी जायची. बैल देवणी जातीचेच. तोंडावर काळं असलेला वाणेरा, अंगभर काळे डाग असलेला शेवरा. गुरुजी रंग देता देता सांगायचे, "कान बघा, कान. लांब आन् खाली पडलेला. कान चुकला की बैल आपल्या गावचा राहत न्हाई."

आई गेल्यावर घरात गुरुजी आणि लेक, दोघंच उरले. दीपमाला पंचायत समितीत लिपिक. आधी गुरुजी किल्ल्या विसरू लागले, मग माणसांची नावं, मग जेवण झालं की नाही तेही. दीपमालानं हे सगळं एकेक करून अंगवळणी पाडून घेतलं. गेल्या पोळ्याआधीची ती संध्याकाळ मात्र तिला पचवता आली नव्हती. मशीनचा खटका दाबून, तो दाबलेलाच राहावा म्हणून बाजूचं बटण अडकवून, गुरुजी काम करत होते. मध्येच पाणी प्यायला उठले. चालू मशीन फरशीवर ठेवली आणि विसरले. ती थरथरत, फरशी खरवडत पुढं सरकली आणि स्वतःचीच वायर कापून बसली. ठिणगी उडाली, घरातली लाइट गेली. दीपमाला घरी आली तेव्हा गुरुजी अंधारात पेला धरून बसले होते. "लोडशेडिंग लई वाढलं बघ," एवढंच म्हणाले.

त्यानंतर मशीन 'दुरुस्तीला' गेली. वर्षभरात गुरुजींचे हात नुसते मांडीवर पडून राहायला लागले. लातूरच्या डॉक्टरांनी ते हात पाहिले आणि म्हणाले, "यांना काही करू द्या. डोकं विसरतं ते हातांना पुष्कळ दिवस येत राहतं. पण तुम्ही जवळ बसून."

म्हणून एका शनिवारी ती त्यांना घेऊन लातूरच्या गंजगोलाई बाजारामागच्या हत्यारांच्या दुकानात गेली. दुकानदार अमरनाथनं काउंटरवर दोन जिगसॉ ठेवल्या. एक वायरची, एक बॅटरीची.

"काम काय हाय, ताई? दारं-खिडक्या का किरकोळ?"

"घरगुती. बैल कापायचेत."

अमरनाथ हसला. "बैल कापायचेत म्हणून बाहेर सांगू नका बरं! प्लायवूडचे म्हणा." मग तो धंद्याच्या सुरात आला. "जाड लाकूड असलं, दिवसभराचं काम असलं, तर वायरचीच घ्या. जोर कमी होत न्हाई, वजनालाबी हलकी. बॅटरीची जरा जड, आन् बॅटरी उतरली की बसा वाट बघत. पण अर्ध्या इंचाच्या प्लायला बेस हाय. लाइटची फिकीर न्हाई. अंगणात बसा, गच्चीवर बसा."

गुरुजींनी वायरची मशीन उचलली. पातं नखानं तपासलं, खालची पट्टी काउंटरवर टेकवून पाहिली. अचानक त्यांचा आवाज वर्गातला झाला. "बारीक दाताचं पातं द्या. मोठ्या दातानं प्लायची कड फुटते. आन् वळणावर मशीन ढकलायची न्हाई, तिच्या मागं जायचं."

अमरनाथ बघतच राहिला. "गुरुजी, तुम्ही तर उस्ताद हाव."

"दीपे, हीच घे. वायर असली की बरं. कुठून जोर येतोय ते दिसतं."

दीपमालाच्या डोळ्यांपुढे ती कापलेली वायर आली. तिनं गुरुजींना बाहेरच्या स्टुलावर बसवलं, परत आली आणि हळू आवाजात विचारलं, "मी घरी नसताना सुरूच होऊ नये, अशी कोणती?"

अमरनाथनं एकदा बाहेर पाहिलं, एकदा तिच्याकडे. मग बॅटरीच्या मशीनची बॅटरी काढून तिच्या तळहातावर ठेवली. "वायरच्या मशीनची पिन माणूस कुठंबी खुपसतो. ही काढून पर्समध्ये टाका, मशीन म्हणजे नुसता दगड."

तिनं बॅटरीची घेतली. येताना औशाच्या बसमध्ये गुरुजी मशीनचा डबा मांडीवर घेऊन बसले होते. त्यांचा चेहरा पाहून तिला वाटलं, निर्णय चुकला नाही.

रविवारी अंगणात चटई पडली. दीपमालानं बॅटरी बसवली आणि त्यांच्या कोपराशी बसून राहिली. गुरुजींनी बैल काढला. पाठीची रेघ एका दमात, वशिंड, मान, मग तो खाली पडलेला कान. मशीन वाजू लागली. हात कुठेच अडखळला नाही. जे हात सकाळी सदऱ्याची बटणं लावताना हरत होते, ते कानाच्या अरुंद वळणातून पातं रेघ न सोडता काढत होते. संध्याकाळपर्यंत शेवरा उभा राहिला. गुरुजींनी दुसऱ्या फळीवर त्याचा जोडीदार काढून ठेवला.

"उद्या हा. एकट्या बैलाची पूजा नसते, माय."

सोमवारी ऑफिसला जाताना तिनं बॅटरी काढून पर्समध्ये टाकली. मशीन नेऊन कपाटात ठेवावी, असंही मनात आलं होतं. पण ती त्यांच्या नजरेसमोर असू दे, तेवढाच आधार, असा विचार करून तिनं ती चटईवरच राहू दिली.

ती परतली तेव्हा शेजारच्या केवळाबाई फाटकातच उभ्या होत्या.

"काय मशीन आणलीस गं तू! गुरुजी सकाळधरनं नुसता खटका दाबून राहिले. मी म्हणलं, लाइट नसंल. तर म्हणाले, वायर कुठं गेली? सगळं घर धुंडाळलं. कॉटखाली, मोरीत, कोठीत. मीबी धुंडाळली. मला काय मालूम, तिला वायरच नसती म्हणून!"

"मग?"

"मग बसले गप. हातच बघून राहिले. जेवले न्हाईत."

गुरुजी चटईवर होते. मशीन फळीवर टेकवलेली, बोट खटक्यावर. मुकं पातं पेन्सिलीच्या रेघेवर इतक्यांदा घासलं गेलं होतं की रेघ पुसून गेली होती.

दीपमालानं घाईघाईनं पर्समधून बॅटरी काढून मशीनला बसवली. "अण्णा, ही माझ्याकडं राहिली होती. ही नव्हती म्हणून चालत नव्हती. हे बघा."

तिनं खटका दाबला, मशीन घुरघुरली. गुरुजी दचकले. त्यांनी ती घेतली नाही.

"तुझ्या हातात चालती," ते म्हणाले. "माझ्या न्हाई चालत. माझे हात गेले, दीपे."

"हात नाही गेले. मीच बॅटरी नेली होती. मुद्दाम नेली होती, अण्णा. मला भीती वाटत होती."

त्यांनी मान हलवली. समजल्यासारखी. पण दुसऱ्या दिवशी बॅटरी त्यांना आठवत नव्हती, तिचं बोलणं आठवत नव्हतं, दिवसभर वायर शोधल्याचंही आठवत नव्हतं. मशीन समोर ठेवली की ते हात मांडीखाली घेत, एवढंच राहिलं होतं. तिनं दोन दिवस रजा काढली. बॅटरी बसवून त्यांच्याजवळ बसली, गुळाचा चहा केला, शाळेतल्या गोष्टी काढल्या. ते चहा प्यायचे. मशीनकडे बघायचे नाहीत.

वायरची मशीन असती तर त्यांनी भिंतीवरच्या बोर्डाकडे पाहिलं असतं, पिन काढून पुन्हा लावली असती, फार तर लाइटीला शिव्या दिल्या असत्या. बिघाड कुठं शोधायचा हे त्यांना माहीत होतं. या मशीनमध्ये त्यांना शोधायला स्वतःच्या हातांशिवाय दुसरी जागाच सापडली नव्हती.

पोळ्याच्या आदल्या दिवशी, खांदमळणीच्या संध्याकाळी गल्लीतल्या एका घरी खऱ्या बैलांच्या खांद्यांना हळद आणि तूप लागलं. उद्या जेवायला या, असं आवतण त्यांच्या कानात सांगून झालं. गुरुजी दारात उभं राहून ते बघत होते. आत दीपमालानं दुसरी फळी पुढं ओढली. पुसलेली रेघ पुन्हा काढली आणि मशीन हातात घेतली. वळणावर तिनं ढकललं. कड फुटली. कान आखूड झाला, पाठ मध्येच वाकली. तिनं पॉलिशपेपर घासला, काळे-पांढरे डाग दिले आणि कशीबशी झाकपाक करून बैल पाटावर शेवऱ्याशेजारी ठेवला.

पोळ्याच्या दिवशी पुरणाचा नैवेद्य झाला. गुरुजी धुतलेल्या धोतरात पूजेला बसले. कुंकवाचं बोट घेतलं आणि थांबले. तिचा बैल उचलून डोळ्यांजवळ नेला. फुटलेल्या कडेवरून अंगठा फिरवला, कानाशी आणून थांबवला.

"हा कुणी केला?"

केवळाबाई दारात होत्या. त्यांनी दीपमालाकडे पाहिलं. मी केला, असं ती म्हणू शकली असती. पण गेले पाच दिवस तिला एकच गोष्ट त्यांना परत द्यायची होती.

"तुम्हीच केलात, अण्णा. तुमच्या हातानं."

गुरुजींनी पुष्कळ वेळ बैलाकडे पाहिलं. मग मान हलवली. या वेळी खरंच समजून. बैल पाटावर ठेवून त्याच्या आखूड कानाला जपून कुंकू लावलं.

मग शेवरा उचलला. त्याच्या वशिंडावरून, मानेवरून, खाली पडलेल्या कानावरून हात फिरवला.

"आन् हा?"

दीपमालानं केवळाबाईंकडे पाहिलं.

"हा चांगल्या हाताचा हाय," ते म्हणाले. "आपल्यातला न्हाई. पोळ्याच्या दिवशी दुसऱ्याचा बैल घरात ठेवू नये, माय. जोडी फुटली म्हणून तिकडं त्यांची पूजा खोळंबली असंल. जा, ज्याचा त्याला देऊन ये."

"अण्णा—"

"जा. मी थांबतो पूजेला."

ते फाटकापर्यंत तिच्या मागं आले. तिनं शेवरा पदराखाली घेतला आणि रस्त्यावर आली. गल्लीत झुली घातलेले बैल निघाले होते, हलगी वाजत होती. मागं वळून पाहिलं तर गुरुजी फाटक धरून उभे होते, ती कुठल्या घरी वळते ते बघत. ती चालू लागली. एक घर गेलं, दुसरं गेलं.