हरेल त्यानं इंग्लंड व्हायचं

बोईसरला मी समुद्र बघायला गेलो होतो, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढचं सगळं वाचून तुम्ही म्हणाल की हा गृहस्थ क्रिकेटचा वास काढतच गेला असणार. घरात माझी तशी ख्याती आहेच.

माझा मित्र वसंता तेव्हा तारापूरच्या वीजकेंद्राच्या बांधकामावर ओव्हरसियर होता. बोईसर स्टेशनाबाहेर सिमेंटच्या गोण्या, लोखंडी सळया आणि धुळीने भरलेले ट्रक. चहाच्या टपरीवर सगळी हिंदी. वसंताला चार दिवस रजा मिळणार नव्हती, म्हणून त्याने मला आपल्या चुलत्यांकडे, जनूतात्यांकडे, पाठवायचं ठरवलं आणि समुद्राच्या बाजूला जाणाऱ्या एका ट्रकमध्ये बसवून दिलं. मी समुद्र बघायला निघालोय म्हटल्यावर ड्रायव्हर हसायलाच लागला. "साब, पानी तो सब जगह एक जैसा ही है," म्हणाला, आणि त्याने मला नारळांच्या रांगा सुरू होतात तिथे उतरवलं.

गाव तारापूर आणि पालघरजवळचं माहीम यांच्या मधे कुठेतरी आहे. नाव सांगत नाही, कारण सांगितलं तर दोन आळ्यांमधली माणसं भांडायला माझ्या घरी येतील. पौष महिना होता. वाटेच्या दोन्ही बाजूंना केळीच्या आणि पानवेलीच्या वाड्या, पाटातून सावकाश चाललेलं पाणी, आणि समुद्र अजून दिसत नव्हता तरी त्याचा आवाज सगळीकडे भरलेला. असल्या वाटेवर मला झोपेत चालल्यासारखं वाटतं. एका विहिरीवर एक बाई पाणी शेंदत होत्या. त्यांना जनूतात्यांचं घर विचारलं.

"जनूतात्या? ते इंग्लंडात ऱ्हातात," त्या म्हणाल्या.

मी जागा झालो. "इंग्लंडात?"

"हा ऑस्ट्रेलिया हाय. हितनं सरळ जा. चिंचेपासून इंग्लंड लागतो."

बाई अजिबात थट्टा करत नव्हत्या. मी सरळ गेलो, चिंच ओलांडली आणि इंग्लंडात शिरलो. तिथेही केळी होत्या, पाट होता, आणि एका ओटीवर आरामखुर्चीत एक उंच, वाळलेले म्हातारे गृहस्थ छातीला मफलर गुंडाळून बसले होते. तेच जनूतात्या.

थोडं बोलले की त्यांना दम लागे. पालघरच्या डॉक्टरांनी हृदयाचं दुखणं सांगितलं होतं आणि माडीचा जिना चढायलाही बंदी केली होती. पण मी इंग्लंडचा विषय काढताच ते खुर्चीत ताठ बसले.

आळ्यांना ही नावं पडल्याची हकिकत तीस-पस्तीस वर्षांपूर्वीची. इंग्लंडचा संघ ऑस्ट्रेलियात गेला होता आणि इंग्लंडच्या कप्तानाने गोलंदाजांना फलंदाजाच्या अंगावर चेंडू टाकायला लावले होते. पालघरहून एक दिवस शिळं होऊन येणारं वर्तमानपत्र शाळेचे मास्तर पारावर मोठ्याने वाचत आणि सगळं गाव ऐके. समुद्रावरच्या ओल्या वाळूत दोन्ही आळ्यांची पोरं तसेच सामने खेळू लागली. अडचण एकच आली.

"इंग्लंड व्हायला कोनी तयार नाय," तात्या म्हणाले. "मिठाच्या सत्याग्रहात माणसं तुरुंगात गेलेली. इंग्लंड कोन होईल? हाणामारी झाली. मंग मास्तर म्हणाले, खेळा, आणि हरेल त्यानं वर्षभर इंग्लंड व्हायचं."

"आणि हिंदुस्थान का नाही घेतला?"

"घेतला असता. पण मंग हिंदुस्थान हरला असता की कोनाच्या तरी हातून. ते बघवलं नसतं."

तेव्हापासून दर पौष पुनवेच्या दुसऱ्या दिवशी, पहाटेच्या मोठ्या ओहोटीत सामना होतो. समुद्र परत येईपर्यंत खेळायचं. सामना अर्धा राहिला तर आहे ते नाव आहे तिथेच राहतं. आणि तात्यांची आळी कित्येक वर्षं सतत हरत आली होती. पोस्टमन इंग्लंड म्हणे, भाजीवाली इंग्लंड म्हणे, लग्नपत्रिका वाटायला आलेले पाहुणे इंग्लंड म्हणत. बेचाळीसच्या चळवळीत पाठीवर काठ्या खाल्लेला हा माणूस.

"मी आता फार दिवस नाय," तात्या सरळच म्हणाले. "पण इंग्लंड म्हणून मरायचं नाय मला."

मला हसूही आलं आणि वाईटही वाटलं. सामना दुसऱ्या दिवशी पहाटेच होता.

संध्याकाळी तात्यांची मुलगी मंजुळा उकडहंडी (मडक्यात पाला घालून उकडलेले कंद, रताळी आणि वालाच्या शेंगा) घेऊन आली. तिला ऑस्ट्रेलियात दिली आहे, म्हणजे चिंचेच्या अलीकडच्या आळीत. तिचा नवरा रघुनाथ हा ऑस्ट्रेलियाचा पहिला गोलंदाज. शिजलेल्या शेंगांना ओव्याचा वास येत होता आणि मी लाज सोडून जेवत होतो. जेवता जेवता तात्यांनी मला त्यांच्या तरुणपणीचा मुंबईचा सामना सांगितला. इंग्लंडचा संघ आला होता आणि तात्या ताडपत्रीच्या मांडवाबाहेर उन्हात उभे होते. कुणा इंग्रज फलंदाजाने डावा पाय पुढे टाकला, बॅट नुसती चेंडूवर आणली, आणि चेंडू कव्हरमधून गवतावरून निघून गेला. क्षेत्ररक्षक जागचे हललेसुद्धा नाहीत.

"आवाज पन झाला नाय फारसा," तात्या डोळे मिटून म्हणाले. "तसा फटका मला कधी जमला नाय."

इंग्लंडच्या नावाने बोटं मोडणारा हा माणूस जन्मभर एका इंग्रजाच्या फटक्याचं स्वप्न बघत होता. लहानपणी मीही वर्तमानपत्रातली त्या दोन्ही देशांच्या खेळाडूंची चित्रं कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवली होती, आणि कोण शत्रू नि कोण मित्र हे मला तेव्हाही नीट ठरवता आलं नव्हतं.

भांडी आवरून झाल्यावर मंजुळा अंगणात माझ्याशी हळू बोलली. "बाबा खेळणार म्हनतात उद्या. आइकत नाय. मी ह्यांना सांगितलंय, बाबा आले की चेंडू सोपा टाका. एवढं एकदा जिंकू द्या त्यांना." तिचे डोळे भरले होते. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. कोणाचं काय बिघडणार होतं?

पहाटे आम्ही निघालो तेव्हा पश्चिमेला समुद्रावर पूर्ण चंद्र मावळत होता आणि मागे माडांच्या वर उजाडत होतं. पाणी इतकं लांब गेलं होतं की दिसतच नव्हतं, नुसतं धुकं. ओल्या वाळूत आभाळ उतरलेलं. त्यात पांढरे सदरे घातलेली माणसं हिंडत होती आणि त्यांचे पाय धुक्यात दिसत नव्हते. कपाटाच्या दारावरची माझी माणसं खाली उतरून वाळूत उभी आहेत असं मला खरोखर वाटलं. कुणीतरी खोकलं आणि बिडीचा ओळखीचा वास आला तेव्हा भानावर आलो.

इंग्लंडचा एक गडी तापाने पडला होता. ज्या घरी उतरला त्या आळीचा पाहुणा, हा तिथला नियम, म्हणून मला उभं केलं. बांबूच्या यष्ट्या, आणि सीमारेषा म्हणजे एका बाजूला मासळी वाळवायच्या वलांड्या (आडव्या बांबूंच्या रांगा) नि दुसऱ्या बाजूला ओढून ठेवलेल्या होड्या. ऑस्ट्रेलियाने आधी फलंदाजी केली. त्यात मी एक झेल सोडला. चेंडू वर गेला तो चंद्राच्या बाजूला, आणि मी चंद्राकडेच बघत राहिलो. तात्या आरामखुर्चीतून जे ओरडले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मग इंग्लंड खेळायला आलं. ऊन चढलं, धुकं विरलं आणि लांबवर पाण्याची एक पांढरी रेघ दिसू लागली. रेघ जवळ येत होती. इकडे आमचे गडी एकामागून एक रघुनाथच्या चेंडूंवर बाद होत होते, तरी धावा जमत होत्या. मी गेलो, घाबरत दोन-चार चेंडू अडवले, आणि समोरचा बाद झाला. आता फक्त तात्या उरले होते. जिंकायला चार धावा हव्या होत्या. तात्यांना पळता येणार नव्हतं, म्हणजे फटका थेट होड्यांपर्यंत पोचायला हवा होता. पाणी यष्ट्यांपासून जेमतेम अंगणाएवढं लांब राहिलं होतं.

तात्या मफलर सोडून सावकाश चालत आले. बायकांमध्ये बसलेली मंजुळा उभी राहिली. मी गोलंदाजाच्या टोकाला होतो, त्यामुळे रघुनाथचा चेहरा मला जवळून दिसत होता. तो घामाघूम झाला होता. त्याने चार पावलांवरून एक मऊ, संथ चेंडू बाहेरच्या बाजूला टाकला. कोणीही मारला असता.

तात्यांनी बॅट उचललीच नाही. चेंडू जाऊ दिला, बॅट वाळूत रोवली आणि तिच्यावर रेलून दम घेतला.

"जावईबापू," ते म्हणाले, "मी आजारी हाय. मेलेलो नाय. नीट टाका."

"मामा, पानी आलं," रघुनाथ कसाबसा म्हणाला.

"येऊ दे. त्याला कोनी सांगितलं नाय वाटतं हळू यायला."

रघुनाथने बायकोकडे बघितलं. मंजुळेने पदर तोंडाला लावला होता. मला वाटलं ती आता रडत घरी निघून जाईल. तिने पदर सोडला आणि अख्ख्या किनाऱ्याला ऐकू जाईल अशी ओरडली, "टाका हो नीट! वाट बघतायत बाबा!"

रघुनाथ मागे गेला, आपल्या नेहमीच्या लांब पल्ल्याच्या खुणेपर्यंत. तो माझ्या शेजारून धावत गेला तेव्हा त्याच्या पायांनी उडालेलं पाणी माझ्या तोंडावर आलं. समुद्र पोचला होता. तात्यांनी डावा पाय पुढे टाकला. बॅट वरून खाली आली, घाई नाही, जोर नाही, आणि एका क्षणापुरता तो मुंबईचा फटका मी माझ्या डोळ्यांनी बघितला, फक्त त्यात चेंडू नव्हता. चेंडू आत वळला आणि मधला बांबू पाण्यात आडवा झाला.

ऑस्ट्रेलियातसुद्धा कोणी ओरडलं नाही. रघुनाथ हात खाली सोडून उभा होता. तात्या त्या बांबूकडे बघत राहिले. पाणी त्यांच्या घोट्यांभोवती फिरत होतं आणि मला भीती वाटली की हा माणूस आता इथेच खाली बसणार.

"आत आला काय रे?" त्यांनी विचारलं.

"थोडा आत आला, मामा."

"दिसला नाय मला." ते जरा थांबले. मग त्यांनी बॅट जावयाकडे रोखली. "पुढच्या वर्षी बघतो तुला."

खुर्चीत बसवून त्यांना घरी नेलं तेव्हा खुर्चीचा पुढचा पाय रघुनाथच्या खांद्यावर होता, आणि तात्या वरून त्याला सारखं विचारत होते की चेंडू बोटांनी वळवला की मनगटाने. रघुनाथ सांगत नव्हता. तो आता हसत होता. मंजुळा माझ्याजवळून गेली आणि म्हणाली, "मीच चुकले बघा." ती चुकली असं मला तेव्हा तरी वाटलं नाही, पण मी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पालघरला जायची बैलगाडी दाराशी आली तेव्हा तात्या ओटीवर नव्हते, अंगणात होते. रघुनाथला पहाटेच बोलावून घेतलं होतं. तोच चेंडू रोज सकाळी टाकायचा, असा हुकूम झाला होता. तात्या माझ्याशी धड बोलले नाहीत, झेलाचा राग होता. "पुढच्या खेपेस चंद्र बघायचा असेल तर ऑस्ट्रेलियात उतरा," एवढंच म्हणाले. गाडी केळीच्या वाड्यांतून निघाली तरी मागून बराच वेळ बॅटवर चेंडू बसल्याचा आवाज येत राहिला, मधेच चुकत होता, मग पुन्हा बसत होता.

पालघर स्टेशनात शटल गाडीची वाट बघत बाकावर बसलो आणि मनात तो मऊ चेंडू पुन्हा पुन्हा येत राहिला. समजा, तात्यांनी तो होड्यांपर्यंत मारला असता. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या असत्या. तात्या ऑस्ट्रेलिया होऊन घरी आले असते, खाटेवर पडले असते, आणि मग त्यांना उठायचं काही कारण उरलं नसतं. मंजुळा काय, मी काय, आम्ही मायेपोटी त्यांना तेच द्यायला निघालो होतो.

गाडीत खिडकीशी बसलो. मिठागरं गेली, खाड्या गेल्या, आणि घर येईपर्यंत मी अर्धवट त्या ओल्या वाळूतच होतो.

याला आता दुसरा पौष लोटला. वसंताची भेट झाली की मी आधी तेच विचारतो. तो सांगतो, तात्या अजून इंग्लंडच आहेत, आणि रोज सकाळी त्याच रागाने उठून बसतात.