जत्रेदिवशीचं दूध आणि आमचं मानक

कोल्हापुरात राजारामपुरीत पिठाच्या गिरणीवर आमची सॉफ्टवेअर कंपनी होती. कंपनी म्हणजे आम्ही दहाबारा जण आणि कीबोर्डवर रोज बसणारं पीठ. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस गावोगावच्या दूध संस्थांत कॉम्प्युटर आले, आणि दूध मोजून पावती देणारा प्रोग्राम आम्ही लिहिला. तो चाललाही बरा, पण तेवढ्यावर भागेना. मालकांनी सरळ सांगितलं होतं, कागलच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्याचं मोठं काम मिळालं तर ठीक, नाहीतर कुलूप. कुलूप म्हणजे मला पुण्याला नोकरी शोधावी लागणार. मला कोल्हापूर सोडायचं नव्हतं. अजिबात नव्हतं.

कारखान्याची अट एकच होती: सॉफ्टवेअरच्या कामाचं आंतरराष्ट्रीय मानक असतं, त्याचं प्रमाणपत्र आणा. मालकांनी मानकाचं जाडजूड पुस्तक माझ्या टेबलावर आपटलं. म्हणाले, "तू भांडखोर आहेस, हे तूच कर."

भांडायला समोर कोण, तर आमचे सगळ्यांत लाडके प्रोग्रामर. वयाने मोठे, म्हणून सगळेच त्यांना दादा म्हणत. गावाहून फोन आला की दादांची मोटारसायकल निघालीच. तिथला चेअरमन म्हणणार, "येवढं करूनच जावा की." मग दादा त्याच खुर्चीत बसून चहा पिणार, प्रोग्राम जागेवर बदलून देणार आणि परत आल्यावर कुणालाही काही सांगणार नाहीत. अशाने प्रत्येक गावाचा प्रोग्राम निराळा झाला होता, आणि ऑफिसातल्या मूळ प्रतीला त्यातलं काही ठाऊकच नव्हतं.

गडमुडशिंगीच्या पलीकडे एक गाव आहे. तिथे जत्रेदिवशी संध्याकाळचं दूध दुपारीच घालतात, म्हणजे माणसं जत्रेला मोकळी. दादांनी आदल्या वर्षी तशी सोय जागेवर करून दिली होती. पुढे आम्ही सुधारलेल्या प्रोग्रामची फ्लॉपी सगळ्या गावांना वाटली आणि तिने ती सोय पुसून टाकली. ऐन जत्रेत किटल्यांची रांग लागली, आणि कॉम्प्युटर म्हणतोय, अजून संध्याकाळ झालेली नाही! चेअरमननी फोनवर जे सुनावलं ते छापण्यासारखं नाही.

"म्हणून मानक पाहिजे," मी दादांना म्हटलं आणि पुस्तकावरून उतरवलेली कार्यपद्धती त्यांच्यापुढे ठेवली: बदल हवा तर गिऱ्हाइकाने आधी लेखी अर्ज करायचा. ती वाचून दादा भडकले.

"मानूस च्या घेऊन दारात हुबा हाय, आन् मी त्याला अर्ज करा म्हणू? त्यापरीस मी घरी बसतो."

मी तणतणत पुस्तक पुन्हा उघडलं. त्यात चहा पिऊ नका असं कुठेच नव्हतं. होतं ते एवढंच: काय बदललं ते कळू द्या, बदल एकाच प्रतीत करा, देण्याआधी दुसऱ्या कुणाकडून तपासून घ्या. बाकी कसं काम करायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. मग आम्ही आमचीच पद्धत लिहिली. गावात दादाच जाणार, चहा पिऊन सगळं ऐकून येणार. बदल ऑफिसात होणार, तपासणार मी, आणि पोचवायला पुन्हा दादाच. एवढ्यावर दादा राजी झाले, तेही कुरकुरत.

प्रमाणपत्राच्या तपासणीला पुण्याहून ऑडिटर आले. सगळं नीट पाहिलं आणि म्हणाले, "एखादं गिऱ्हाईक दाखवा." मालकांनी नेमकं ते जत्रेचं गाव निवडलं.

संस्थेत पोचलो, चहा आला, आणि चेअरमननी दादांना कॉम्प्युटरपुढे बसवलं. "पावतीवरची अक्षरं मोठी करा की. म्हाताऱ्यास्नी दिसत न्हाय. आत्ताच करा."

दादांचा हात सवयीने कीबोर्डवर गेला. ऑडिटर बघत होते. आता सगळं संपलं, असं मला वाटलं.

दादांनी हात मागे घेतला. "आज न्हाय. परवा संध्याकाळच्या दुधाला घेऊन येतो."

चेअरमनचा चेहरा पडला. "म्हंजे आता आमी परकं झालो व्हय?"

"परकं न्हाय ओ. मी हितल्या हितं बदलून गेलतो, हापिसात कुणालाच ठावं न्हवतं. म्हणून तर जत्रंत तुमचा खोळंबा झाला. पुन्यांदा तसं व्हायचं न्हाय."

चेअरमननी दादांचा चहा त्यांच्यापुढे सरकवला. मग म्हणाले, "बरं, परवा या. आन् मोठी अक्षरं बाकीच्या गावास्नी बी द्या. तितं बी म्हातारी हाईतच की."

ऑडिटर हसले. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच मला दादांशी भांडावंसं वाटलं नाही. उलट त्यांच्या पाया पडावं असं वाटलं.

प्रमाणपत्र मिळालं आणि काही दिवसांनी कारखान्याचा होकारही आला. मी जिन्यात बसून चक्क रडले. दादा हातात किल्ली घेऊन उतरत होते. "काय झालं ओ? रडताय कशाला?"

"आता कुठं जावं लागणार नाही, दादा."

"व्हय? मग उठा की. गावासनं फोन आलाय, संगट चला."